मुंबई नेमकी किती तासांवर?

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर साधारण साडेतेरा हजार किलोमीटर आहे. दहा वर्षांपूर्वीही तेवढंच होतं, आजही तेवढंच आहे. पण "घरी पोहोचायला किती तास लागतात?" या साध्या प्रश्नाचं उत्तर २०२५ या एकाच वर्षात अनेकदा बदललं. डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जाणाऱ्यांची आणि हिवाळा संपला की आई-बाबांना इकडे बोलावणाऱ्यांची तिकिटं काढायची लगबग सुरू आहे. म्हणून हा विषय जरा नीट उलगडून पाहावा असं वाटलं.

इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी कितीतरी पानं सापडतात. ती काय करतात? पृथ्वी गोल धरून दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा कमानीसारखा मार्ग काढतात, त्याला ताशी आठशे-नऊशे किलोमीटरने भागतात आणि वर अर्धा तास मिळवतात. हे गणित माझ्यासारखा कोणीही कॉम्प्युटरवाला दहा-बारा ओळींत लिहून देईल. त्यात चूक काहीच नाही. फक्त त्यात तीन गोष्टी नसतात: वारा, डोंगर आणि सरकारं.

कागदावरची रेघ

आधी ही रेघ कुठून जाते ते पाहू. नेहमीचा भिंतीवरचा नकाशा इथे फसवतो. त्यावर अमेरिका मुंबईच्या डावीकडे लांब दिसते, म्हणून विमान पश्चिमेला जात असेल असं वाटतं. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारा सर्वांत जवळचा मार्ग जवळजवळ थेट उत्तरेला निघतो, किंचित पूर्वेकडे झुकून. राजस्थान, पंजाब, हिमाचल, लडाख, पुढे चीनच्या शिनजियांगमधलं होतान, मग सायबेरिया, ७६ अंश उत्तरेपर्यंत आर्क्टिक, आणि तिथून अलास्कामार्गे खाली कॅलिफोर्निया.

न्यूयॉर्कचा मार्ग वेगळा. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. दोरा मुंबईहून वायव्येला निघतो, कच्छवरून सिंधमध्ये शिरतो, मग बलुचिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, आणि कॅनडावरून खाली.

या दोन रेघांवर कोणकोणते देश आले ते पुन्हा एकदा वाचा. गेल्या काही वर्षांतली अर्ध्याहून जास्त भांडणं त्यात आहेत.

वाऱ्याचा हिशेब

भांडणांकडे वळण्याआधी वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोर धरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका विमानाचा जमिनीच्या हिशेबातला वेग ताशी सुमारे १,२९० किलोमीटर नोंदला गेला होता. पाठीवर वारा असला की असं होतं. तोच वारा तोंडावर आला की पश्चिमेला जाणारं विमान रखडतं. न्यूयॉर्कहून मुंबईला येताना कमी वेळ आणि जाताना जास्त वेळ लागतो, त्याचं कारण हेच. पृथ्वी खाली फिरते म्हणून असं होतं, ही समजूत चुकीची आहे. हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरत असते.

वाऱ्याचा फायदा कसा घेता येतो याचं उत्तम उदाहरण २०१६ मधलं. ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झालं, पण वेळ जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो, हे कुठल्याही अंतर मोजणाऱ्या पानावर दिसत नाही.

आकाश कोणाचं?

१९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे की प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचा हक्क आहे. इतरांची प्रवासी विमानं जातात ती परवानगीने आणि बहुधा शुल्क भरून. ही परवानगी काढून घेणं हे जुनं शस्त्र आहे आणि ते आपणही वापरलेलं आहे. ३० जानेवारी १९७१ ला इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' हे विमान अपहरण करून लाहोरला नेलं गेलं. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडायला बंदी केली. पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना श्रीलंकेमार्गे वळसा घालावा लागला. प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७२ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकाल लागला.

पुढे २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने हद्द बंद केली ती १६ जुलैपर्यंत. तेवढ्या काळात, २ जुलैपर्यंतच, एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं.

२०२२ च्या फेब्रुवारीअखेर युक्रेन युद्धामुळे रशियाने ३६ देशांच्या विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. त्यानंतर अमेरिकन कंपन्यांनाही रशियाचं आकाश उरलं नाही. युनायटेडने लगेच मुंबई-न्यूअर्क आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानं थांबवली. भारतीय कंपन्यांना मात्र रशिया खुलाच राहिला, आणि अमेरिका-भारत थेट विमानांत एअर इंडियाचं पारडं अचानक जड झालं. १५ डिसेंबर २०२२ ला मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू झालं ते याच काळात.

अर्थात त्यातही धोका होताच. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदान इथे उतरवावं लागलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी परक्या गावात अडकले. दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे न्यावं लागलं.

आणि मग २०२५. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, ३० एप्रिलला भारतानेही तसंच केलं. तेव्हापासून दर महिन्याला मुदत वाढवली जाते आहे. जूनमध्ये इस्रायल-इराण संघर्षामुळे इराणचं आकाश बंद झालं. २३ जूनला इराणने कतारमधल्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं डागली आणि काही तास कतार, यूएई, बहारीन, कुवेत अशा सगळ्यांचीच हद्द बंद पडली. दोहा-दुबईमार्गे घरी निघालेली आपली माणसं त्या रात्री कुठे कुठे अडकली होती ते आखातातल्या वाचकांना सांगायला नको.

दिल्लीकरांचा वळसा, मुंबईकरांचा थांबा

पाकिस्तानची बंदी सगळ्यांना सारखी लागत नाही. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की समोर पाकिस्तानच उभा. त्यामुळे विमान आधी खाली गुजरातकडे येतं, अरबी समुद्रावर जातं आणि मग पश्चिमेकडे वळतं. म्हणून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या दिल्लीच्या विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबावं लागलं, आणि दिल्ली-वॉशिंग्टन विमान तर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच झालं. त्यामागे विमानांच्या दुरुस्ती-नूतनीकरणामुळे पडलेली टंचाई हेही कारण कंपनीने दिलं होतं.

मुंबईच्या दारात समुद्र आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कला जाताना ओमानच्या बाजूने निघता येतं, वळसा तुलनेने कमी पडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत मात्र मुंबईचीही अडचण झाली. सरळ रेघ हिमालय आणि काराकोरमवरून जाते. तिथे प्रवासी विमानं सहसा जात नाहीत. केबिनमधला दाब गेला तर विमानाला झटकन तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरचे ऑक्सिजनचे मुखवटे सहसा दहा-पंधरा मिनिटंच पुरतात. खाली जमीनच चार-पाच किलोमीटर उंचीवर असेल तर उतरणार कुठे? म्हणून डोंगर टाळून एक तर पश्चिमेकडून पाकिस्तानवरून मध्य आशियात शिरायचं, नाही तर पूर्वेकडून लांब जायचं. पहिला रस्ता बंद झाला आणि २०२५ मध्ये मुंबई-सॅन फ्रान्सिस्को विमानाला कोलकात्याला थांबा घ्यावा लागला. त्यात तीन तासांपर्यंत वेळ वाढत होता.

"तीनच तास ना?" असं कुणी म्हणेल. पण विमानाचं गणित गाडीसारखं नसतं. लांबच्या प्रवासात इंधनाचा बराच भाग पुढच्या इंधनाचं वजन वाहण्यातच जळतो. बोइंग ७७७-२००एलआर या विमानाचा पल्ला कागदावर सुमारे १५,८०० किलोमीटर. साडेतेरा हजारांच्या अंतराला तो भरपूर वाटतो. त्यात वळसा, समोरचा वारा आणि राखीव इंधन मिळवा, की मग जागा रिकाम्या ठेवायच्या, सामान कमी घ्यायचं की मध्ये थांबायचं, एवढेच पर्याय उरतात. थांबलं की वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा आड येते, जादा कर्मचारी लागतात, आणि तेच विमान दुसऱ्या दिवशीच्या फेरीला उशिरा मिळतं.

यात पैसा कोणाचा गेला? रॉयटर्सच्या बातमीनुसार एअर इंडियाने सरकारला लिहिलेल्या पत्रात, बंदी वर्षभर टिकली तर सुमारे ५९ कोटी डॉलरचा तोटा होईल असा अंदाज दिला होता. नोव्हेंबरमधल्या बातमीत हा आकडा वर्षाला साडेपंचेचाळीस कोटी डॉलर आणि काही मार्गांवर इंधनखर्चातली वाढ २९ टक्क्यांपर्यंत, असं आलं. पाकिस्तानही सुटला नाही. २४ एप्रिल ते ३० जून या काळात आपलं ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचं उत्पन्न बुडालं असं त्यांच्याच संसदेत सांगितलं गेलं. फायदा झाला तो आखाती आणि युरोपीय कंपन्यांचा, कारण पाकिस्तानची बंदी फक्त भारतीय विमानांना आहे. त्याच बातमीत नोंद होती की म्युनिकमार्गे सॅन फ्रान्सिस्को-मुंबई प्रवास आता थेट म्हणवणाऱ्या प्रवासापेक्षा जेमतेम पाच मिनिटं जास्त घेतो. मग जास्तीचे पैसे मोजून "थेट" विमान कोण घेईल?

एका शनिवारची परीक्षा

हे सगळं आकडेवारीपुरतं राहिलं असतं तर मी लिहिलं नसतं. तासांची किंमत काय असते ते आपण २० सप्टेंबरला पाहिलं.

१९ तारखेला, शुक्रवारी, वॉशिंग्टनमध्ये एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काच्या घोषणेवर सही झाली. अंमल २१ तारखेच्या मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने, म्हणजे भारतातल्या रविवारी सकाळी साडेनऊला. सध्याचे व्हिसाधारक यात येतात की नाही हे तेव्हा स्पष्ट नव्हतं, आणि अनेक कंपन्यांनी आपल्या माणसांना तातडीने परत या असे निरोप धाडले. पितृपक्षाचे शेवटचे दिवस होते, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, पुढे लगेच घटस्थापना. त्यामुळे घरी गेलेले बरेच होते.

समजा पुण्यातल्या एखाद्याला ही बातमी शनिवारी सकाळी सहाला कळली. हातात साडेसत्तावीस तास. पुण्याहून मुंबई विमानतळ चार तास, विमान सुटण्याआधी तीन तास, थेट विमान साधारण सोळा तास. एकूण तेवीस. कोलकात्याचा थांबा धरला तर सव्वीस. मध्ये विमान बदलायचं असेल तर प्रवास बावीस तासांचा, म्हणजे बेरीज एकोणतीस. गणित फिसकटलं. आणि हे सगळं त्याच वेळी सुटणारं विमान आणि त्यात रिकामी जागा असेल तर!

शनिवारीच खुलासा आला की शुल्क फक्त नव्या अर्जांना लागू आहे आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण तोपर्यंत लोकांनी वाट्टेल त्या भावाने तिकिटं काढली होती, काही जण विमानात बसून पुन्हा खाली उतरले होते. साडेतेरा हजार किलोमीटरचं ओझं अशा वेळी जाणवतं.

दुसरी परीक्षा उलट्या दिशेची असते आणि ती बहुतेकांना कधी ना कधी द्यावी लागते. रात्री दोनला भारतातून फोन येतो. "तू पोहोचेपर्यंत थांबू का?" असा प्रश्न असतो. थेट विमान आणि नशीब असेल तर चोवीस तासांत माणूस मुंबईत उतरतो. सातारा, सांगली, कोल्हापूर असेल तर पुढे रस्त्याने आणखी पाच ते आठ तास. मध्ये थांबा, चुकलेलं पुढचं विमान, बंद झालेलं आकाश, असं काही आलं की छत्तीस तास सहज होतात. चोवीस तास थांबू म्हणणारे नातेवाईक छत्तीस तास थांबू शकतीलच असं नाही, आणि त्यांना दोषही देता येत नाही. मोबाइलवर अंत्यदर्शन घेतलेली माणसं आपल्या प्रत्येक मंडळात आहेत. थेट विमान म्हणजे चैन असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही धरावा.

सत्तरीतल्या आई-बाबांचंही तसंच. एकदा बसलं की थेट मुलीच्या गावी उतरायचं, या भरवशावर ती एकटी निघतात. मध्ये परक्या विमानतळावर टर्मिनल बदलणं, सुरक्षा तपासणी, व्हीलचेअरची वाट पाहणं, इंग्रजीतल्या घोषणा, मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा. ज्यांचं शिक्षण आणि सवय आहे त्यांनाही ते जड जातं.

पुढे काय?

पाकिस्तानची हद्द कधी उघडेल हे राजकारण ठरवेल. दुसरा प्रयत्न चीनकडून आहे. होतान भागातल्या लष्करी हद्दीतून विमानं जाऊ द्यावीत यासाठी भारत सरकारने चीनकडे शब्द टाकावा, अशी एअर इंडियाची धडपड असल्याचं नोव्हेंबरमध्ये छापून आलं. आपल्या दोऱ्याची रेघ त्याच होतानजवळून जाते हे वर आलंच आहे. भारत-चीन थेट विमानं पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबरला, सुरू झाली हे खरं. पण लष्करी आकाश उघडणं ही फार पुढची पायरी आहे, आणि उंच डोंगरांचा प्रश्न परवानगीने सुटत नाही.

तिसरा मार्ग नव्या विमानांचा. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली, त्यात ३४ एअरबस ए३५०-१००० आहेत. सोळा हजार किलोमीटरहून जास्त पल्ल्याची ही विमानं आली की वळसा घालूनही न थांबता जाता येईल. सिंगापूर-न्यूयॉर्क हे सुमारे १५,३५० किलोमीटरचं अंतर आजही ए३५० च्याच खास रूपातलं विमान एका दमात कापतं. मात्र १२ जूनच्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर कंपनीने काही आठवडे लांब पल्ल्याच्या फेऱ्या कमी केल्या होत्या. सुरक्षेची खात्री आधी, वेग नंतर, यावर कुणाचं दुमत नसावं. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या मंडळींसाठी इंडिगोने जुलैत मुंबई-मँचेस्टर आणि मुंबई-ॲमस्टरडॅम सुरू केलं, हा २०२५ मधला चांगला बदल.

तोवर आपण काय करायचं? माझ्या मते चार गोष्टी. एक, तिकीट काढताना अंतर मोजणाऱ्या पानावर नव्हे, त्याच विमानाच्या गेल्या पंधरा दिवसांतल्या प्रत्यक्ष वेळांवर विश्वास ठेवा. त्या सहज पाहता येतात. दोन, संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर ठेवा. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी हात वर करते. तीन, आई-बाबा एकटे येणार असतील तर थांबा निदान तीन-चार तासांचा घ्या आणि त्या देशाचे ट्रान्झिट व्हिसाचे नियम आधी वाचा. चार, नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून देशांतर्गत विमानं सुटू लागली. मुंबईत उतरून पुढचं विमान पकडायचं असेल तर ते कुठल्या विमानतळावरून आहे ते तपासा. दोन्हींच्या मध्ये ठाण्याची खाडी आणि मुंबईची वाहतूक आहे.

आणि एक मागणी. इंधनासाठी थांबा ठरलेला असेल तर तो तिकीट विकतानाच ठळकपणे दाखवणं कंपन्यांवर बंधनकारक असावं. युद्ध आणि वारा कुणाच्या हातात नाही, पण खरी वेळ सांगणं हातात आहे. आपल्याकडची मंडळं या मागणीचं एक निवेदन नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे नक्कीच पाठवू शकतात.

या सुट्टीत निघणाऱ्यांनी आदल्या दिवशी थांब्याबद्दल विचारून घ्या, आणि घरी पोहोचण्याची वेळ सांगताना तीन तास वाढवूनच सांगा. लवकर पोहोचलात तर कुणी रागावत नाही. उशीर झाला, तर दारात बसलेली म्हातारी माणसं पाण्याचा घोटही घेत नाहीत.